रजिस्टरात प्लंबर अजून आतच आहे

भांडुपला आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं ना, परवा सहज चाळलं तर मार्चमधे आलेला एक प्लंबर अजून आतच, आउट टाइमचा रकाना रिकामा. हसू आलं आणि लगेच एमटॅब आठवली.

जुन्या लिनक्सवर एटसी फोल्डरमधली एमटॅब म्हणजे असलंच रजिस्टर. कुठली डिस्क कुठे माउंट आहे, म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडलेली आहे, ते कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) माहीत असतंच, पण ही साधी टेक्स्ट फाइल लिहायची माउंट आणि यूमाउंट या कमांडनी. बूट होताना रूट, म्हणजे सिस्टिमची मुख्य डिस्क, रीड-ओन्ली असेल किंवा कोणी मायनस एन (नोंद करू नको) देऊन कमांड मारली तर नोंदच होत नाही.

मी त्यात नीट आपटलोय. लोअर परळच्या एका ऑफिसात रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट मीच लिहिलेली, एमटॅबमधे ग्रेपने बॅकअप डिस्कची ओळ शोधायची, सापडली की कॉपी चालू. कोणीतरी मायनस एन देऊन डिस्क यूमाउंट केली, ओळ तशीच राहिली, आणि सगळा बॅकअप खालच्या रिकाम्या फोल्डरात म्हणजे रूटवरच ओतला गेला, सकाळी रूट शंभर टक्के. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या डीएफला विचारलं तर बॅकअप डिस्क आणि रूट दोन्हीचे आकडे सेम टू सेम! तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं, पण मी अर्धा तास भलतीकडेच शोधत बसलो.

आता बहुतेक ठिकाणी एमटॅब ही नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी पाटी) आहे, प्रॉक-सेल्फ-माउंट्सकडे जाणारी. ही प्रॉकमधली डिस्कवरची फाइल नाहीच, वाचाल त्या क्षणी कर्नल मजकूर बनवून देतो. 'सेल्फ' का, तर लिनक्स कर्नल २.४.१९ पासून प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) स्वतःचं माउंट नेमस्पेस, म्हणजे माउंटची स्वतःची वेगळी यादी, असू शकतं, कंटेनरवाल्यांना हे सांगायला नकोच. सोलारिस या युनिक्सने तर आवृत्ती ८ मधेच एमएनटीटॅबची, म्हणजे त्यांच्या एमटॅबची, कर्नलकडची फाइलसिस्टिम केली होती.

पीआयडी फाइलचं, म्हणजे प्रोसेस आपला नंबर लिहून ठेवते त्या फाइलचं, दुखणं तेच, प्रोसेस मेली तरी नंबर पडून, आणि तोच नंबर नंतर भलत्याच प्रोसेसला मिळतो. त्यापेक्षा एफलॉकने फाइलवर लॉक घ्या, किल मायनस नाइनने प्रोसेस जबरदस्तीने मारली तरी कर्नल स्वतः लॉक सोडतो.

माझ्या स्क्रिप्टमधे आता फोल्डरवर खरंच काही माउंट आहे का ते तपासणारी माउंटपॉइंट कमांड आहे, शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर प्लस आय मारून (बदल करायला बंदी घालून) ठेवलंय, म्हणजे डिस्क नसली तर रूट यूझरलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही.