फॉरेस्टरचं व्हिस्कस कपलिंग बदललं, त्याची गोष्ट

माझी गाडी शेव्हर्ले फॉरेस्टर, 2005 ची. नाव शेव्हर्ले, पण आतून नखशिखांत सुबारू. सुबारू बनवणाऱ्या कंपनीत जनरल मोटर्सचा तेव्हा 20 टक्के हिस्सा होता, म्हणून ही गाडी जपानहून तयार होऊन इथे आली. 2005 मध्ये तो हिस्साही विकला गेला आणि 2017 मध्ये जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. त्यामुळे पुण्यात नाना पेठेच्या पार्टबाजारात हिचा पार्ट मागितला की काउंटरवरचा माणूस आधी हसतो, मग ‘कुठली म्हणालात?’ असं विचारतो.

तक्रार विचित्र होती. सकाळी थंड गाडी लोण्यासारखी वळायची. हायवेला अर्धा-पाऊण तास चालवून सोसायटीत आलो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की अडायची. कुणीतरी हँडब्रेक ओढून ठेवलाय की काय असं वाटे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद पडायला यायचं आणि टायर पेव्हर ब्लॉकवर कुरकुरत, उड्या मारत सरकायचे. सरळ रस्त्यावर मात्र काहीही नाही.

एका मोठ्या, काचेच्या केबिनवाल्या गॅरेजने न बघताच क्लचप्लेट सांगितली. दुसरीकडे ‘एक्सल गेलाय’. एक्सलचा जॉइंट गेला तर वळताना टकटक ऐकू येते आणि तो गाडी गरम की थंड हे बघत बसत नाही. गरम झाल्यावरच आणि वळतानाच अडते, म्हणजे संशय मधल्या डिफरेन्शियलवर. ही गाडी चारही चाकांनी ओढते आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटून त्यांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच म्हणजे हे डिफरेन्शियल. मॅन्युअल फॉरेस्टरमध्ये गिअरबॉक्सच्या शेपटाकडे हे डिफरेन्शियल असतं आणि त्याच्याच पोटात व्हिस्कस कपलिंग.

कपलिंग म्हणजे बंद डबा. आत भोकं आणि चिरा असलेल्या पातळ चकत्या, एक आड एक: एक पुढच्या चाकांच्या बाजूची, एक मागच्या. मध्ये घट्ट सिलिकॉन तेल. वळताना पुढची आणि मागची चाकं थोड्या वेगळ्या वेगाने फिरतात, तेवढा फरक ते तेल चालवून घेतं. पुढची चाकं चिखलात गरगरायला लागली की फरक वाढतो, तेल चकत्यांना अडवतं आणि जोर मागे जातो. पाकात उलथनं फिरवण्यातली गंमत आहे ही: हळू फिरवा, फिरतं, जोरात फिरवा, मनगट अडतं. पण फरक सतत राहिला तर तेल तापत राहतं, वर्षानुवर्षं तापून बिघडतं, आणि मग गाडी गरम झाली की कपलिंग धरूनच बसतं. ते उघडून दुरुस्त करायची सोय नाही.

आणि सतत फरक कशामुळे? टायरमुळे. माझ्या आधीच्या मालकाने पुढचे दोनच टायर नवे घातले होते. मोजलं तर पुढच्या-मागच्या टायरच्या जाडीत 2 मिलिमीटरचा फरक. एवढ्याशाने काय होतं? परिघात साडेबारा मिलिमीटर फरक पडतो. टायर किलोमीटरला साधारण 480 फेरे घेतो, म्हणजे दर किलोमीटरला सहा मीटर. पुण्याहून महाबळेश्वरला जाईपर्यंत पुढची चाकं मागच्यांपेक्षा सातशे मीटर वेगळा हिशोब मांडून बसतात आणि तो सगळा बिचाऱ्या त्या डब्याने पचवायचा. सुबारूचा नियम परिघात पाव इंचाचा, म्हणजे सहा मिलिमीटरचा आहे.

भोसरीत एक काका भेटले, जपानी फोर व्हील ड्राइव्हवर हात बसलेले. ते म्हणाले, ‘‘साहेब, आधी टेस्ट करू. पार्ट मागवायला काय, कधीही मागवता येतो.’’ मला तिथेच माणूस पटला.

टेस्ट अशी. गाडी चालवून गरम करायची, सपाट जागेवर उभी करायची. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. फक्त पुढचं उजवं चाक जॅकने उचलायचं आणि खाली स्टँड द्यायचा. मधल्या एक्सल नटला 32 चा सॉकेट, त्यात मीटरभर लांब पाइप आडवा, टोकाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन. दुसरं पुढचं चाक जमिनीवर, मागची दोन्ही ब्रेकमध्ये, म्हणजे हे चाक फिरायचं तर कपलिंगने घसरू दिलं पाहिजे. पाइप गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवला, म्हणजे उजव्या चाकावर तो खाली जाताना नट घट्ट होण्याच्या दिशेने जोर येतो.

पाइप जागचा हलला नाही. काकांनी वरून हाताने रेटा दिला, तर चाकाऐवजी गाडीच डोलली. निदान झालं.

इथे दोन-तीन मित्रांनी सल्ला दिला की मागच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्टच काढून टाक, पुण्यात फोर व्हील लागते कुठे. मधलं डिफरेन्शियल असलेल्या गाडीत हे करू नका. शाफ्ट काढला की पुढच्या चाकांना जोर मिळायला कपलिंगशिवाय मार्गच उरत नाही. चांगलं असलं तरी जळून जाईल. वर गिअरबॉक्सच्या शेपटातून ऑइल गळेल ते वेगळं.

नवा पार्ट इथे मिळेना. जपानमधून काढलेलं, तपासलेलं पूर्ण डिफरेन्शियल एका आयात करणाऱ्याकडून आणलं. पेटीतून काढल्यावर काकांनी ते व्हाइसमध्ये धरून हाताने फिरवलं. सावकाश फिरवलं तर गेलं, झटका दिला तर अडलं. ‘‘जिवंत आहे,’’ एवढंच म्हणाले.

गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, हे मोठं सुख. ऑइल काढलं, सायलेन्सरचा मधला भाग आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवला, गिअरबॉक्सला जॅक देऊन त्याला खालून धरणारी मागची आडवी पट्टी, क्रॉसमेंबर, सोडली, मग शेपटाचं घर उघडलं. जुनं डिफरेन्शियल हाताने ओढून बाहेर आलं. वेळ गेला तो थ्रस्ट वॉशरमध्ये. नव्या तुकड्याचा आगेमागे होणारा खेळ मोजून योग्य जाडीचा वॉशर बसवावा लागतो. जुनाच टाकून घर बंद केलं तर बेअरिंग आवाज करतं. काकांनी घर बंद करायच्या आधी तीनदा गेज लावला. मग लिक्विड गॅस्केट, नवा ऑइल सील आणि 75डब्ल्यू-90, जीएल-5 गिअर ऑइल.

चारही टायर त्याच दिवशी नवे घातले, एकाच मेकचे. खर्च जवळजवळ पार्टइतकाच झाला. इथे हात आखडलात तर नवं कपलिंगही जुन्याच्या वाटेने जाईल.

पुन्हा तीच टेस्ट, तोच कॅन. या वेळी पाइप खाली गेला, पण धपकन पडला नाही, ओढ धरून गेला. मग लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो आणि गरम गाडीने मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून, क्लच सोडून रिंगण घातलं. इंजिन कण्हलं नाही. उलटी बाजूही बघायची होती: पकडतं की नाही? ताम्हिणीच्या अलीकडे ओल्या मातीत पुढची चाकं घातली आणि हळू गॅस दिला. पुढची जरा फिरली, लगेच मागून ढकलल्याचं जाणवलं आणि गाडी बाहेर आली. कपलिंग पकडतच नसतं तर पुढची चाकं तिथेच माती उडवत बसली असती.

आता टायर ठरल्या अंतराने पुढेमागे करतो आणि हवा चारही चाकांत कंपनीने सांगितलेलीच ठेवतो. स्टेपनी तेवढी जुनी आहे. ती लावून फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत.