सिरियलमधलं गाव आणि खरं गाव

सिरियलवाल्यांना वाटतं 'ण'चा 'न' केला आणि 'होता'चा 'व्हता' केला की झालं पात्र गावाकडचं, मग ते कोल्हापूरचं असो नाहीतर जालन्याचं, सगळे एकाच छापाचे! अरे पण माणूस कुठला ते क्रियापदातच कळतं ना. नागपूरचा पोरगा पुण्यात ऑफिसात 'काम करतोय' म्हणेल, आणि मित्राचा फोन आला की लगेच 'काही नाही बे, काम करून राहिलो'. लेखकाने एवढा बदल टिपला तरी पुरे, तो कोणाला आपलं मानतो हे वेगळं सांगावंच लागत नाही.

दुसरं म्हणजे गड्याच्या तोंडी बोली आणि निवेदक मात्र शुद्ध पुस्तकी, हे मला जाम खटकतं, म्हणजे लेखक बांधावर उभा राहून बघतोय असंच वाटतं. म्हणून आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी भारी वाटते, तिथे नारबा हा शेतगडीच गोष्ट सांगतो आणि निवेदनसुद्धा त्याच्याच बोलीत. पहिली काही पानं अडखळायला होतं, होऊ दे की! पाहुणे आपण आहोत, तो नाही.