बाबांच्या ब्रशचा फॉन्ट

कोल्हापुरातलं आमचं दुकान मुळात पेंटरचं. पाट्या, टेम्पोच्या मागच्या ओळी, तालमींच्या भिंती, मंडळांचे फलक, सगळं बाबा हातानं लिहायचे. खडूच्या दोरीनं दोन रेघा मारल्या की थेट ब्रश. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम बघता बघता आटलं. मी कॉम्प्युटरवर डिझाइनं करायला बसलो. धंदा चालला, पण भेळेची गाडी असो की बारसं, अक्षरं तीच चार-पाच. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "तुमच्या वडिलांच्या हातासारखं काही नाही का?" तिथून हा फॉन्ट सुरू झाला.

बाबांनी एकेक अक्षर वीस-वीस वेळा लिहिलं, मी स्कॅन करून कडा काढल्या. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या मुख्य तक्त्यात देवनागरीला जागा १२८. पण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार धरले की आकार कितीतरी पट होतात. वेलांट्यासुद्धा वेगवेगळ्या रुंदीच्या लागतात. 'ति'ची वेलांटी 'स्थि'ला पुरत नाही.

खरा घाम काढला शिरोरेघेनं. बाबा आधी अख्खा शब्द लिहितात आणि शेवटी एका दमात रेघ ओढतात. सुरुवातीला रंगानं भरलेली, टोकाला कोरडी. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाटची रेघ घेऊन येतं. पहिल्या खेपेला प्रत्येक सांध्यावर पायरी दिसायची. रेघ सरळसोट केली, तर ब्रशचा जीवच गेला. शेवटी प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं सारख्या उंचीची नि जाडीची ठेवली आणि लाट मधोमध घेतली. बाकीची मस्ती रेघेखाली: 'म'ची गाठ, 'ळ'चं पोट, उकाराची शेपटी. नेहमीच्या अक्षरांना तीन-तीन रूपं दिली, म्हणजे 'काका' लिहिताना दुसरा 'का' पहिल्याची नक्कल वाटत नाही.

एक चूक मला अजून लागते. पहिल्या आवृत्तीत 'ऱ्य' राहून गेला होता. एका केटरिंगवाल्यांच्या पत्रकात 'र'खाली नुक्ता म्हणजे टिंब, पाय मोडलेला आणि 'य' वेगळा पडला. टाइप करणाऱ्यानं रफार देऊन वेळ भागवली आणि 'आचाऱ्यांच्या हातची चव' छापून आली 'आचार्यांच्या हातची चव'. पत्रकं आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा छापून दिली. त्या आठवड्यात 'दऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द जमवून बसलो आणि मगच नवी फाइल बाहेर काढली. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श'ही मूळ रूपात ठेवले. हिंदी वळण हवं त्याला पर्याय आहे. मराठी माणसानं आपला 'ल' शोधत बसावं, हे मला पटत नाही.

आज हा फॉन्ट आइस्क्रीमच्या गाड्यांवर, बालनाट्याच्या जाहिरातींत, वाढदिवसाच्या फलकांवर दिसतो. लांबलचक मजकुराला तो वापरू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. दोन-चार शब्दांतच तो खुलतो.

सध्या कोरड्या ब्रशची आवृत्ती चालू आहे. बाबांना 'ज्ञ' अजून पसंत नाही, त्यामुळे काल दुपारी त्यांनी पुन्हा डबा उघडला.