वेणी कोण विणतं? (माझ्या नव्या कोल्हापुरीची गोष्ट)

गेल्या वर्षी ऑनलाइन एक 'डिझायनर लेदर सँडल' मागवली होती, कोल्हापुरी स्टाइल, सोनेरी पट्टा, फोटोत इतकी गोड दिसत होती की लगेच ऑर्डर टाकली. तीन आठवड्यांत तळ सुटला. आत पुठ्ठा, वर रेक्झिन आणि सगळं नुसतं सोल्युशनने चिकटवलेलं! मला खरंच खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा जास्त त्या नावाचं.

मग दिवाळीआधी मावसबहिणीकडे कोल्हापूरला गेले तेव्हा ठरवूनच टाकलं की आता घेईन ती खरी. पापाच्या तिकटीजवळ चप्पल लाइन आहे तिथे दुकानं बघितली, पण बहीण म्हणाली चल तुला बनवतात तिथेच नेते, आणि तिच्या ओळखीच्या एका घरी घेऊन गेली. काका बाहेर रापीने तळ कापत बसलेले आणि आत काकू चपलेच्या पट्ट्यावरची वेणी विणत होत्या. बकऱ्याच्या कातड्याच्या पट्ट्या, दोऱ्यापेक्षा थोड्याशाच जाड, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं आणि बोटं अशी भराभर चालतायत की मला कुठली पट्टी कुठून वर आली तेच कळेना. लेडीज चपलेचा सगळा नाजूकपणा याच वेणीत असतो हो! ती पट्ट्यावर किती दाट बसवायची, गोंडा लाल ठेवायचा की नाही, बाजूचा कान केवढा कापायचा, हे सगळं त्या मनानेच ठरवत होत्या. समोर ना कागद ना नमुना. याला डिझाइन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

काकांनी दाखवलं, तळाला म्हशीचं कातडं, ते हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, म्हणून त्याचा रंग असा मधासारखा येतो. खिळा एकही नाही, शिवण कातड्याच्याच वादीची, म्हणजे बारीक पट्टीची. म्हणजे घेताना चप्पल उलटी करून बघायची, कडेने वादीचे टाके दिसले पाहिजेत. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये अशाच चपला आल्या आणि कोल्हापूरचं नावच नव्हतं, तेव्हा आपण सगळेच चिडलो होतो. २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातच बनलेल्या मालाला ते नाव लावायचा हक्क) आहे या चपलेला, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे ८ जिल्हे त्यात येतात. नंतर प्राडाने मूळ मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार करून इथल्याच कारागिरांकडून २,००० जोड बनवून घ्यायचं जाहीर केलं, किंमत सुमारे ८०० युरो. चांगलंच झालं. पण माझ्या डोक्यात सारख्या त्या काकूच येतात. बातम्यांमध्ये कारागीर म्हटलं की आरी घेतलेला पुरुषच दिसतो, आणि विणणारी, गोंडे करणारी बाई मात्र घरकामात धरली जाते. तिच्या वेणीचा दर वेगळा लावा, तिचं नाव पण कारागीर म्हणून लिहा, असं मला मनापासून वाटतं.

माझा जोड आठ दिवसांनी मिळाला. पहिला आठवडा अंगठ्याला चावली, मग रोज रात्री एरंडेल लावलं आणि आता अशी पायात बसलीय की काढावीशी वाटत नाही. पावसात मात्र अजिबात घालायची नाही, कातडं फुगतं. माप घेताना काकूंनी दोन्ही पाय वेगवेगळे कागदावर आखले आणि म्हणाल्या, "डावा वाईच मोठा हाय बघा तुमचा." चाळीस वर्षांत माझ्या पायाकडे एवढं नीट कुणी बघितलंच नव्हतं.