आमच्यात देव न्हाई व्हय?

भाऊ गेल्या सुट्टीत न्यू जर्सीहून आलेला, सोबत त्याचा नऊ वर्षांचा पोरगा. जुलैचा पाऊस, पंचगंगेचं पाणी रोज चढतंय, बाहेर कुठं जायची सोय नाही, त्यामुळं पोरगं दिवसभर आईच्या मागंमागं. आई ओट्यापाशी भाकरी थापत होती आणि तिनं सहज विचारलं, शाळेत सकाळी काय म्हणता रं तुम्ही? तर हा पठ्ठ्या ताठ उभा राहिला, उजवा हात छातीवर, आणि त्यांची ती प्लेज ऑफ अलिजन्स, म्हणजे अमेरिकेची प्रतिज्ञा, एका दमात म्हणून मोकळा. त्यातलं आईला एकच कळलं, गॉड.

"देवाचं नाव घेत्यात की शाळंत," आई खूश. मग नातवाला दाखवायला म्हणून तिनं आपली प्रतिज्ञा म्हणायला घेतली, 'भारत माझा देश आहे' पासून शेवटपर्यंत, हाताला पीठ तसंच, एक शब्द चुकली नाही. संपल्यावर जरा थांबली.

"आमच्यात देव न्हाई व्हय? मेलं, एवढी वर्सं म्हटली, कधी ध्यानातच आलं न्हाई."

दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारी बाई ही. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली.

मग मी रात्री बसून वाचायला घेतलं, तर गंमत अशी की त्यांच्यातपण मुळात देव नव्हता. ती प्लेज १८९२ साली फ्रान्सिस बेलामी नावाच्या माणसानं लिहिली, आणि हा माणूस कोण तर चर्चचा पाद्री! पाद्र्यानं लिहिली आणि देव घातला नाही. 'अंडर गॉड' हे दोन शब्द घुसवले १९५४ मध्ये, आयझेनहॉवर अध्यक्ष असताना, कारण समोर रशिया, ते निरीश्वरवादी कम्युनिस्ट, मग आपण वेगळे कसे दिसणार. दोन वर्षांनी 'इन गॉड वी ट्रस्ट' हे राष्ट्रीय ब्रीदवाक्यच करून टाकलं. नाण्यावर ते १८६४ पासून होतं, यादवी युद्धाच्या काळातलं. म्हणजे देव आठवला तो दोन्ही वेळेला भांडणातच.

आपली प्रतिज्ञा पायडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिली, तेलुगूत. विशाखापट्टणमला ट्रेझरीत अधिकारी होते ते. पालक आहेत, गुरुजन आहेत, देशबांधव आहेत, देव नाही. आणि त्यावरनं कुणी रुसलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण आपल्याकडं हा वाद झालाच नाही असं नाही हं. १७ ऑक्टोबर १९४९, घटना समितीत प्रास्ताविकेची चर्चा, आणि ह. वि. कामतांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करा. त्यावर आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले, म्हणाले आम्ही शाक्त, म्हणजे देवीचे उपासक, नुसता देव का, देवीचं नाव घाला की! (आमच्या कोल्हापूरनं त्यांना डोक्यावर घेतलं असतं.) त्रावणकोरचे थाणू पिल्लै स्वतः देव मानणारे, तरी त्यांचं म्हणणं, ही श्रद्धेची सक्ती होते. समितीचे अध्यक्ष राजेंद्रबाबू, त्यांना वाटत होतं देवाच्या नावावर मतदान नको, पण कामत मागं हटेनात. शेवटी मतं मोजली, बाजूनं ४१, विरोधात ६८. देव मतदानात पडला, आणि पाडणाऱ्यांत घरी रोज पूजा करणारेही असणारच.

तालमीतल्या मित्राला मिसळ खाताना हे सांगितलं तर तो लगेच, मग 'सत्यमेव जयते' कुठलं? मुंडक उपनिषदातलंच की, ते कसं चालतं?

बरोबर आहे त्याचं. आणि मी तर पोटासाठी एलआयसी विकतो. ओंजळीत दिवा आणि खाली 'योगक्षेमं वहाम्यहम्', हे चिन्ह मी पंधरा वर्षं हजारो लोकांच्या हातात दिलंय, सगळ्या जातीधर्माच्या, आणि कुणी म्हणून विचारलं नाही हे काय लिहिलंय. एका रिटायर्ड गुरुजींनी एकदा चष्मा वर करून सांगितलं, अहो हे गीतेतलं, नववा अध्याय, श्रीकृष्ण बोलतोय, तुमचा योगक्षेम मी वाहतो. म्हणजे जबाबदारी कृष्णानं घेतली आणि क्लेमला उशीर झाला की फोन मला!

पण माझ्या मते ब्रीदवाक्य आणि प्रतिज्ञा हा एक मामला नाही. ब्रीदवाक्य भिंतीवर असतं, नोटेवर असतं, बघा नाहीतर बघू नका. प्रतिज्ञा ही तोंडानं म्हणायची असते, 'मी' म्हणून, आणि लहान पोरांनी, मास्तर समोर उभे असताना. तिथं सगळा घोळ. आणि नाही म्हणणारे नास्तिकच असतात असं आपण धरून चालतो, ते साफ चूक. अमेरिकेत १९४३ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोरांवर झेंड्याच्या सलामीची सक्ती करता येणार नाही म्हणून सांगितलं, ती केस जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या घरांची. आणि आपल्याकडं केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतनं काढलं, राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गात नव्हती, तीही त्याच पंथाची. १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं पोरांना परत घ्यायला लावलं. म्हणजे यांचा देव कमी नव्हता, उलट जास्तच होता, इतका की त्याच्या वाट्याचं दुसऱ्या कशाला द्यायला तयार नाहीत. आणि अमेरिकेतली ती केस झाली तेव्हा प्लेजमध्ये गॉड आलाही नव्हता, आणि जनगणमनमध्ये तर देव हा शब्दच नाही.

मंत्र्यांना बरं, त्यांना घटनेनंच दोन पर्याय दिलेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' नाहीतर 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. शपथविधी टीव्हीवर बघताना मी कायम कान देऊन ऐकतो कोण काय म्हणतंय. चौथीतल्या पोराला असा पर्याय कोण देणार?

पुतण्याला विचारलं, तू अंडर गॉड म्हणतोस ते कुठला गॉड रे? म्हणाला, आजीचा. आणि त्याच्या शेजारी बसणारा? तर म्हणे तो ते दोन शब्द आले की गप्प बसतो आणि पुढं परत सुरू करतो, टीचर काही बोलत नाही.

जायच्या आदल्या दिवशी आईनं त्याला आपली प्रतिज्ञा अर्धी शिकवली. हात छातीवर नाही, समोर लांब धरायचा, खांद्याच्या रेषेत. 'परंपरांचा पाईक' पर्यंत आला आणि हात खाली. म्हणाला, काका, दुखतो. आमचापण तिथंच दुखायचा.