सर कधी येतील?

"मॅडम, सर आले की फायनल करू." धरमपेठेतल्या ट्रॅव्हल ऑफिसातला मुलगा सहज बोलून गेला. शेजारी माझा लेक टेबलावरच्या केनिया सफारीच्या नकाशात मारा नदी शोधत होता. त्याचं बोट तिथेच थांबलं.

"सर नाहीत. आम्ही दोघंच जाणार," मी म्हटलं. पोरगा ओशाळला, लगेच चहा मागवला. त्याच्यावर राग नाहीच. पण ते थांबलेलं बोट दिवसभर डोळ्यांपुढून हलेना.

अहो, सगळं मीच तर ठरवलंय! ऑगस्ट घेतला, कारण जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट या शिंगवाल्या, चरणाऱ्या प्राण्यांचे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात आलेले असतात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी, नाहीतर परतल्यावर क्वारंटाइन. केनियाचा ईटीए, म्हणजे जाण्याआधी घ्यायचा ऑनलाइन प्रवास परवाना, लेकाचाही वेगळा काढायचा. काही कॅम्प लहान मुलांना घेतच नाहीत, तेही आधी विचारलं.

ताडोबात जिप्सीमध्ये तासन् तास चूप बसणारं पोरगं आहे माझं. त्याला सिंह बघायचाय, आणि मला तो त्याला दाखवायचाच आहे.

भीती एकाच गोष्टीची वाटते. रात्री कॅम्पमध्ये मीच आजारी पडले तर त्याच्याजवळ कोण? एकट्याने मुलांना घेऊन गेलेल्यांनो, तुम्ही याची काय सोय केली होती?