कृत्रिम भिंतीवरून खऱ्या कड्यावर : प्रस्तरारोहणाच्या पहिल्या सहलीचा वृत्तांत

कृत्रिम भिंतीवर काही महिने सराव झाल्यावर आमच्या लहानशा गटाने, एका अनुभवी प्रशिक्षकांसोबत, नैसर्गिक कड्यावरची पहिली सहल ठरवली. प्रशिक्षकांनी निवडलेला कडा ग्रॅनाइटचा होता. उंची सुमारे २५ मीटर, पायथ्याशी उभे राहायला सपाट जागा आणि मागच्या बाजूने माथ्यावर नेणारी पायवाट. पहिल्या सहलीसाठी कडा शोधणाऱ्यांनी ही पायवाट आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. माथ्यावर चालत जाता आले, की जाणकार व्यक्ती वर अँकर, म्हणजे दोर टांगायचा पक्का आधार, बांधून दोर खाली सोडू शकते आणि प्रत्येक आरोहकाला वरून दोराचा आधार मिळतो. यालाच ‘टॉप रोप’ म्हणतात. दोर खालून सोबत घेऊन, वाटेत खडकात बसवलेल्या बोल्टना क्विकड्रॉ (दोर अडकवायचे, पट्ट्याने जोडलेले दोन हूक) लावत चढणे, म्हणजे ‘लीड’ करणे, ही फार पुढची पायरी आहे आणि पहिल्या सहलीत तिचा मोह नसावा.

मार्गांच्या श्रेणीबद्दल आधीच थोडे सांगतो, कारण बहुतेकांची निराशा तिथूनच सुरू होते. योसेमिटी या अमेरिकी पद्धतीत दोराने चढायचे मार्ग ५.० पासून ५.१५ पर्यंत मोजतात, आणि हे दशांश अपूर्णांक नसल्यामुळे ५.१० हा ५.९ पेक्षा अवघड असतो. फ्रेंच पद्धतीची सध्याची वरची टोके ९सी पर्यंत गेली आहेत; चेक आरोहक ॲडम ओंड्रा यांनी २०१७ मध्ये नॉर्वेतील फ्लाटांगरच्या गुहेत त्या श्रेणीचा मार्ग पूर्ण केला. आपला संबंध ५.५ ते ५.७ या पट्ट्याशी. भिंतीवर याहून बरेच अवघड मार्ग सहज चढणारे आमचे काही सोबती खऱ्या खडकावर ५.६ लाच अडले, आणि त्यात नवल काहीच नव्हते. भिंतीवरचे होल्ड रंगीत असतात, कुठे हात घालायचा हे रंगच सांगतो. खडकावर मात्र पकड आधी शोधावी लागते.

चढाईपूर्वी प्रशिक्षकांनी माथ्यावर अँकर बांधला तेव्हा आम्ही सुरक्षित अंतरावरून पाहत होतो. एकमेकांवर अवलंबून नसलेले आधार, त्यांच्यात वाटला गेलेला भार, स्लिंग, म्हणजे आधार जोडणारा पट्टा, घासू नये म्हणून कड्याच्या धारेवर ठेवलेले जाड आवरण आणि दोर ज्यातून जातो ते कॅराबिनर (उघडझाप होणारे फाटक असलेले धातूचे हूक) धारेच्या खाली लोंबकळतील अशी रचना, एवढे समजून घेतले तरी पुष्कळ झाले. कॅराबिनर लांबीच्या दिशेने आणि फाटक बंद असताना किमान २० किलोन्यूटन भार पेलतो, पण तो आडवा फिरला किंवा फाटक उघडे राहिले तर हे बळ साधारण एक तृतीयांशावर येते. म्हणून फाटकाला कुलूप असलेले कॅराबिनर वापरायचे आणि ते आवळल्यावर हाताने दाबून पाहायचे. हे सारे पाहून आपल्यालाही अँकर बांधता येईल असे वाटू लागते, पण त्या वाटण्यावर पहिले वर्षभर तरी विश्वास ठेवू नये.

पायथ्याशी जोडीने तपासणी होते आणि ती प्रत्येक चढाईपूर्वी व्हावी. हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, कमरेच्या हाडांच्या वर घट्ट बसला आहे का, दोर हार्नेसच्या दोन्ही ठरलेल्या फाशांतून जाऊन ‘फिगर ऑफ एट’ची गाठ पूर्ण झाली आहे का, बिले यंत्रात, म्हणजे खालचा जोडीदार ज्याने आरोहकाचा दोर सांभाळतो त्या यंत्रात, दोर योग्य दिशेने घातला आहे का, कॅराबिनरचे कुलूप लागले आहे का आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का, हे दोघांनी एकमेकांचे पाहायचे. शेवटची गाठ लोक सर्रास विसरतात. दोर आखूड पडला, तर आरोहकाला खाली उतरवताना त्याचे मोकळे टोक बिले यंत्रातून निसटून जाते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत आणि तो टाळायला एक गाठ पुरते.

बिले देणाऱ्याने ब्रेकचा हात दोरावरून कधीही काढायचा नाही, आपोआप अडकणारे यंत्र असले तरीही. सुरुवातीच्या काही मीटरमध्ये दोर ताठ ठेवणे विशेष महत्त्वाचे, कारण चढाईचा दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो. २५ मीटरच्या कड्यावर आरोहक जमिनीलगत असताना जवळपास ५० मीटर दोर वापरात असतो. तो नुसता ५ टक्के लांबला तरी अडीच मीटर होतात, म्हणजे ‘वरून दोर आहे’ या भरवशावर निर्धास्त असलेला आरोहक थेट जमिनीवर आदळू शकतो. भिंतीवर हे फारसे जाणवत नाही, कारण तिथे उंची कमी असते आणि खाली गादीही असते.

आता प्रत्यक्ष चढाई. पहिला मार्ग स्लॅबचा, म्हणजे कलत्या, जवळजवळ पकडहीन खडकाचा होता. भीतीने माणूस खडकाला पोट टेकवून चिकटतो आणि तसे केले की पाय सटकतात, कारण शरीराचे वजन तळव्याखाली खडकात दाबले जाण्याऐवजी पायांना बाहेर ढकलू लागते. शरीर खडकापासून जरा दूर, वजन पायांवर आणि टाच खाली ठेवली, की शूजचे रबर जेवढ्या पृष्ठावर टेकते तेवढे घट्ट धरते. ‘हात नंतर, आधी पाय बघा,’ असे प्रशिक्षक खालून पुन्हा पुन्हा सांगत होते. शिडी चढताना आपण हातांनी स्वतःला ओढत नाही, तसेच इथे. हात तोल सांभाळतात आणि चढतात ते पाय. तीन आधार पक्के असताना चौथाच हलवायचा, ही जुनी शिस्त स्लॅबवर अक्षरशः पाळावी.

दुसरा मार्ग उभ्या भेगेचा होता आणि माझ्या मते ग्रॅनाइटवरचा खरा आनंद भेगेतच आहे. तळहात भेगेत घालून अंगठा आत वळवला, की हात फुगतो आणि खडकात अडकून राहतो. पाय आडवा करून, गुडघा बाहेर काढून, भेगेत घालायचा आणि मग गुडघा सरळ केला की बूट आत पिळला जाऊन घट्ट बसतो. सुरुवातीला हे दुखते. हाताच्या पाठीवर टेप लावल्यास त्वचा वाचते, पण नीट बसलेला हात कमीच सोलतो.

भीतीवरचा उपाय म्हणून एक गोष्ट करून पाहावी. जमिनीपासून तीन-चार मीटरवर, बिले देणाऱ्याला आधी सांगून, दोर ताठ झाल्यावर हात सोडायचे आणि हार्नेसमध्ये बसायचे. दोर धरतो, हे शरीराला एकदा कळले, की वरच्या भागात श्वास अडकत नाही. सूचनांपूर्वी एकमेकांचे नाव घेऊन हाक मारावी; शेजारच्या मार्गावरची ‘ढील दे’ ही हाक आपल्या जोडीदाराने आपली समजणे परवडणारे नाही.

साहित्याबाबत म्हणाल तर पहिल्या सहलीला हेल्मेट आणि स्वतःचे शूज एवढे जवळ असावे, बाकी प्रशिक्षकांकडून मिळते. हेल्मेट बिले देणाऱ्यानेही घालायचे, कारण सुटलेला दगड त्याच्याच दिशेने येतो. शूज पायाला घट्ट हवेत, पण बोटे चुरगळणारे नकोत. घामेजल्या हातांसाठी चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, लागतोच. तो जिम्नॅस्टिक्समधून इकडे आणण्याचे श्रेय १९५० च्या दशकात सराव करणाऱ्या अमेरिकी आरोहक जॉन गिल यांना दिले जाते. कडा वालुकाश्माचा असेल तर पावसानंतर तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावे, कारण ओला वालुकाश्म कमकुवत होतो आणि पकडी तुटतात. उन्हात तापलेल्या खडकावर हात घसरतात, म्हणून सावलीची बाजू निवडावी.

परतल्यावर बोटांना सांध्यांपाशी दुखत असेल, तर दुखणे पूर्ण जाईपर्यंत चढू नये. स्नायू आठवड्यांत बळकट होतात, पण बोटांतल्या कंडरा आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना त्याहून बराच अधिक वेळ लागतो. त्यामुळे बोटांची ताकद वाढवण्याच्या फळीवर लटकण्याचा सराव पहिल्या वर्षी न केलेलाच बरा; ती वेळ सोप्या मार्गांवर, पाय आवाज न करता ठेवत, पुन्हा पुन्हा चढण्यात घालवावी.